बारा संपादनांचा माणूस

ज्यांनी मला विकीवर संपादन करायला शिकवलं, त्यांची स्वतःची संपादनं, माझ्या मोजणीप्रमाणे, साऱ्या आयुष्यात मिळून बारा होती. माझी चार हजारांवर आहेत. हे वाचून कोणाला वाटेल, शिष्या गुरूच्या पुढे गेली. तसं काही नाही. त्या चार हजारांतल्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्यांमागच्या चुका त्यांनी शोधलेल्या आहेत; मी फक्त बटण दाबलं.

'नऊ गावं' नावाचा मोबाईलवरचा एक खेळ आहे. नदीकाठी नऊ गावं, त्यातल्या एकात आपलं घर, एक विहीर आणि एक बैल. एवढ्यावरून सुरुवात करून बागा, घाणे, बाजार उभे करायचे. या खेळाची माहिती देणारा एक विकी आहे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेली शेकडो पानं, जी कोणीही उघडून बदलू शकतं. कोणीही बदलू शकतं म्हणूनच नव्या लोकांना शिकवायला मार्गदर्शक लागतात. मराठी विकीचे असे पाच मार्गदर्शक होते. चार पुण्या-नाशकाकडचे, शिकलेसवरलेले. पाचवे आमचे काकाजी, पांढुर्ण्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले चावीवाले.

चावीवाला म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही माहीत नव्हतं. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात. गाड्या धडधडत गेल्या की त्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज खांद्यावर हातोडा आणि काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या वाट्याची लाईन पायी चालायची, ढिली चावी ठोकून बसवायची आणि परत यायचं. या वाट्याला बीट म्हणतात. काकाजी तीस वर्षांवर बीट चालले. जाताना एका रुळाकडे बघत, येताना दुसऱ्याकडे. एवढ्या काळात त्यांच्या बीटवर काहीही घडलं नाही, आणि त्यांच्या मते तेच त्यांचं काम होतं.

निवृत्त झाल्यावरही ते सकाळी लाईनवर जात राहिले. पंधरा दिवसांनी नव्या चावीवाल्याने हात जोडून सांगितलं, "काकाजी, तुम्ही मांगून येऊन राहिले का मले वाटते साहेबच आले. माहा ठोका चुकते." काकाजी समजूतदार माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं आणि आठवड्याभरात अंथरूण धरलं. डॉक्टरला काही सापडेना. शेवटी नागपूरला दिलेल्या मुलीने मन रमावं म्हणून त्यांच्या मोबाईलमध्ये 'नऊ गावं' टाकून दिला.

खेळात त्यांना गती नव्हती. तीन वर्षांनीसुद्धा त्यांच्या गावात एक विहीर आणि एक बैलच होता. पण एकदा त्या बैलाला काय घालावं ते बघायला त्यांनी विकी उघडला आणि पानातल्या एका लाल दुव्यावर बोट ठेवलं. 'हे पान अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं. विकीवर लाल दुव्याचा अर्थ एवढाच, की पुढचं पान अजून कोणी लिहिलेलं नाही. काकाजींनी तो आपल्या पद्धतीने लावला. "लाल झेंडी लावून हाय अन् जवळ मानूस नाई," ते मला सांगायचे. "असं कुठं असते का?" ते अंथरुणातून उठले ते त्या दिवशी.

मी सौंसरची. बी.एस्सी. करून अतिथी शिक्षकांच्या यादीत नाव यायची वाट बघत घरी बसले होते आणि दिवसभर 'नऊ गावं' खेळत होते. घरी बसलेल्या पोरीकडे नातेवाईक जसं बघतात तसं माझ्याकडे बघत होते. विकीवर एक सूचना दिसली: नव्या संपादकांसाठी वर्ग, पांढुर्णा, रविवारी अकरा वाजता, टायपिंग क्लासची मागची खोली. मला वाटलं, कोणी तरी चष्मिष्ट पोरगा असेल. खोलीत पांढरा पायजमा, खाकी शर्ट आणि पायात रेल्वेचे जुने बूट घातलेले एक म्हातारे बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"चालता येते का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टायपिंग येतं, मराठी पण, इंग्रजी पण.

"टायपिंगचं कोन विचारून राहिलं? चालता येते का?"

त्यांनी मला चाळीस पानांची नावं वहीत लिहून घ्यायला लावली. ही माझी बीट. पंधरा दिवस रोज ही चाळीस पानं पाहायची. लिहायचं काही नाही. मी मनात एका नव्या पानाची पूर्ण तयारी करून गेले होते, बैलांच्या सगळ्या जातींवर, चित्रांसकट. ते बोलून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. "आल्या आल्या सगळ्यांले नवी लाईन टाका लागते," ते म्हणाले. "जुनी कोन पाहीन?"

पाहायचं कसं, याचीही रीत होती. पान वरून वाचणं म्हणजे नुसतं चालणं. प्रत्येक पानाचं संपादनाचं बटण दाबून आतला मजकूर उघडायचा, नजर टाकायची आणि काही न बदलता बंद करायचं, हे ठोकणं. वाचणाऱ्याला पान जसं दिसतं त्याहून आत जास्त काही असतं. संपादकांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या लपवलेल्या ओळी असतात, त्या वरून दिसत नाहीत. "वरून समदे रूळ सारखेच चमकते," काकाजी म्हणायचे. चाळिसावं पान झालं की उलट यायचं, चाळीस ते एक, प्रत्येक पान खालून वर वाचत. मी एकदा विचारलं, उलटं कशाला? ते म्हणाले, सुलट वाचताना माणूस गोष्ट वाचतो, उलट वाचताना पान वाचतो. हे खरं आहे. तुम्ही करून पाहा.

मग वहीत तारीख घालून लिहायचं: 'बीट पाहिली. ठीक.' सकाळी साडेसातला त्यांचा फोन यायचा. काय दिसलं ते सांगायचं. सांगून झालं की ते विचारायचे, "अजून काही?" हा प्रश्न साधा नव्हता. ते रोज सगळ्या नव्यांच्या सगळ्या बीटा स्वतः चालून बसलेले असायचे. त्यांना काही दिसलं असेल तर ते सांगायचे नाहीत. एकदा "अजून काही?" म्हणजे रीत, दोनदा म्हणजे काही तरी आहे आणि तुला दिसलेलं नाही. मग आपण पुन्हा चाळीस पानं पालथी घालायची. सापडलेली चूक दुरुस्त आपणच करायची, आपल्या नावावर. काकाजी हात लावायचे नाहीत. "मी केली तर तू काय शिकशीन?" असं म्हणून ते फोन ठेवून द्यायचे.

म्हणून त्यांची संपादनं इतकी थोडी. त्यातलं एक मला पाठ आहे. बैलगाडीच्या पानावर कोणी तरी लिहिलं होतं, 'कदाचित पावसाळ्यात गाडी हळू चालते.' काकाजींनी पावसाळा येईपर्यंत वाट पाहिली, आपल्या एकुलत्या बैलाला गाडीला जुंपून नदीपर्यंत नेलं आणि 'कदाचित' काढून टाकला. या एका शब्दाला त्यांना दोन महिने लागले.

लाल झेंडीचा नियम मात्र सगळ्यांना जड जायचा. रुळाला तडा दिसला तर चावीवाल्याने लाल झेंडी लावायची आणि दुरुस्ती करणारे येईपर्यंत तिथून हलायचं नाही. विकीवर एखादी माहिती खोटी वाटली तर पानावर 'संशयास्पद' अशी पट्टी लावता येते. जगभरचे लोक ती लावून निघून जातात. काकाजींच्या शिष्यांना ती मुभा नव्हती. त्यांनी स्वतः एकदा घाण्याच्या पानावर पट्टी लावली आणि दुसऱ्याच दिवशी पुतणीचं लग्न. ते मांडवात मोबाईल समोर धरून बसले. अक्षता टाकायला उठले नाहीत. लोकांनी त्यांच्यापाशी येऊन त्यांच्या हातून अक्षता नेल्या आणि टाकल्या. जेवणाच्या वेळी कोणीतरी पुरावा आणला, पट्टी निघाली, मग त्यांनी पंगतीत बसून व्यवस्थित चार जिलब्या खाल्ल्या. पुतणीने पुढे दोन वर्षं अबोला धरला होता. काकाजींना ते कळलं नव्हतं.

एकदा वर्गातले दोघं, एक पांढुर्ण्याचा आणि एक सावरगावचा, एकाच पानावर एकमेकांचं लिहिलेलं दिवसभर पुसत बसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ही जुनी रीत आहे. काकाजींनी दोघांना समोर बसवलं. "जामच्या काठी वर्षातून एक दिवस ठेवला हाय ना त्याच्यासाठी?" ते म्हणाले. "मंग बाकीचे दिवस बोलत जा." दोघंही निमूट चहा प्यायले. पुढे त्यांनी ते पान मिळून लिहिलं, आणि ते आमच्या विकीवरचं सर्वांत कंटाळवाणं पण बिनचूक पान आहे.

त्यांना एकच काळजी होती आणि ती ते लपवत नसत: आपल्या मागे बीट कोण चालेल. लिहिणारे येत होते, चालणारे टिकत नव्हते. पंधरा दिवसांत दहातले आठ पळून जायचे. "गाड्या वाढून राहिल्या अन् पाहनारे कमी होऊन राहिले," असं ते रेल्वेबद्दल बोलताहेत की विकीबद्दल, हे आम्हाला कधी कळायचं नाही.

खडूची गोष्ट त्यांनी मला त्या काळजीच्याच भरात सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळी एक साहेब होता. तो अधूनमधून कुठल्या तरी एका चावीवर खडूने बारीक खूण करून ठेवायचा आणि कोणाला बोलायचा नाही. चावीवाल्याला ती दिसली तर त्याने पुसायची आणि साहेबाला सांगायची. नाही सांगितली तर साहेब काही दिवस वाट पाहायचा, मग बोलवायचा. काकाजींनी सगळ्या खुणा शोधल्या, एक सोडून. ती त्यांच्या क्वार्टरच्या समोर होती. दात घासताना रोज दिसणाऱ्या रुळावर.

"घरासमोरचीच चावी सुटते, पोरी," ते म्हणाले. "दूरच्या चावीले मानूस पाह्यते. जवळची त्याले पाठ असते."

मी ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा सगळंच लिहून घ्यायची सवय होती.

पंधरा दिवस संपले आणि मला लिहायची परवानगी मिळाली. मी बैल सोडून संत्र्याच्या बागेचं पान घेतलं. सौंसरच्या मुलीने संत्र्यावर लिहू नये तर कोणी लिहावं? पान आधीपासून होतं पण रोडकं होतं. मी ते भरगच्च केलं. त्यात एक परिच्छेद ताणाचा लिहिला. ताण आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो: बहाराच्या आधी बागेचं पाणी महिनाभर तोडायचं, झाड तहानेने पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदतं. मी लिहिलं, बहाराआधी तीस दिवस पाणी बंद ठेवावं, फळ दुप्पट येतं. खेळात तसं करून पाहावं असं माझ्या मनातही आलं नाही. ज्या गोष्टी आपण जन्मापासून पाहतो त्या तपासतं कोण?

खेळ बनवणारे कुठले होते देव जाणे, पण त्यांनी संत्र्याचं झाड लांबूनच पाहिलं असावं. त्यांच्या खेळात सात दिवस पाणी नाही मिळालं की झाड मरतं.

चर्चेच्या पानावर रामाकोन्याहून एका बाईंचा संदेश आला. पाय मोडून प्लास्टरमध्ये होता म्हणून त्यांनी खेळ धरला होता आणि पडल्या पडल्या दोनशे चाळीस झाडांची बाग उभी केली होती. पान वाचून त्यांनी ताण दिला. आठव्या दिवशी सगळी बाग गेली. संदेशात शिव्या नव्हत्या. 'माही बाग वाळली, कोणी लिव्हलं होतं हे', एवढंच होतं.

मी ताबडतोब परिच्छेद काढला, माफी लिहिली आणि काकाजींना फोन केला. विषय संपला असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "उद्या साडेनऊची गाडी धर. मी रामाकोन्याच्या फाट्यावर उभा राह्यतो."

"तिथं जाऊन काय करायचं, काकाजी? बाग तर मोबाईलमध्ये होती."

"जिथं गाडी घसरली तिथं जा लागते," ते म्हणाले. "जाऊन करायचं काई नसते. उभं राहा लागते."

आम्ही गेलो. मावशी, कारण पहिल्या पाच मिनिटांत त्या माझ्या मावशी झाल्या, पडवीत खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. समोर अंगणात खरी संत्री वेचून पसरली होती आणि त्यांच्या यजमानांचं प्रतवारी लावणं चालू होतं. मी हात जोडून सांगितलं, ते मी लिहिलं होतं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू सौंसरची?"

"हो."

"मंग तुहं कुठं चुकलं? ताण देल्याबिगर बहार येते कशी? त्या खेळवाल्यायलेच अक्कल नाई."

मला हायसं वाटलं. मी मान डोलवायला सुरुवात केली होती तेवढ्यात काकाजी बोलले. "ताई, तुमचं खरं हाय. पन विकीवर खेळात काय हाय ते लिहा लागते. वावरात काय हाय ते नाई. हिनं वावर लिव्हलं."

"मंग वावरात जे खरं हाय ते लिव्हायचंच नाई?"

"लिव्हायचं. पन खेळात खरं हाय असं नाई लिव्हायचं."

मला एकदम रडू आलं, आणि ते बागेसाठी नव्हतं. घरी बसल्यापासून वर्षभरात मी केलेल्या कुठल्याच गोष्टीने कोणाचं काही बिघडलंही नव्हतं. कोणी तरी माझ्या एका ओळीवर इतका विश्वास ठेवला होता, हे मला त्या पडवीत पहिल्यांदा कळलं. मावशींनी खाटेजवळच्या तांब्यातलं पाणी मला दिलं आणि काकाजींना म्हणाल्या, "भाऊ, हे लिव्हाचं मलेबी शिकवा. प्लास्टर अजून महिनाभर हाय."

चाळीस पानांची बीट त्यांनी कुरकुर न करता पूर्ण केली. शेतकऱ्याच्या बायकोला रोज तेच ते पाहायची सवय असते. त्यांनी पुढे एक नवं पान लिहिलं, 'ताण (खेळात चालत नाही)'. ते आजही आमचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान आहे. संत्र्याच्या बागेच्या पानाला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्या पानाचं तोंड पाहायची इच्छा नाही, असं त्या म्हणायच्या. ते पान माझ्याच बीटमध्ये राहिलं, आणि झालेल्या चुकीच्या लाजेने मी ते इतक्या वेळा वाचलं की शब्दन् शब्द पाठ झाला.

मग नियम आला. पुण्याचे प्रशासक, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणारे, सज्जन आणि आकड्यांवर विश्वास असलेले गृहस्थ होते. त्यांनी चर्चेच्या पानावर प्रस्ताव मांडला की वर्षाला पाचशे संपादनं नसलेल्याचं नाव मार्गदर्शकांच्या यादीतून काढावं. नाव गेलं की नव्या लोकांना त्यांच्याकडे पाठवणं बंद. प्रस्ताव कोणाविरुद्ध नाही असं त्यांनी लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. त्यांना काकाजी ठाऊकच नव्हते. त्यांना एवढंच दिसत होतं की पांढुर्ण्याच्या एका खात्यावर अकरा संपादनं आहेत.

मी भडकले. मी लांबलचक उत्तर लिहिलं, मावशींनी त्याहून लांब लिहिलं. चालण्याची नोंद विकीवर राहत नाही, उघडून पाहिलं आणि बंद केलं तर इतिहासात काही उमटत नाही, म्हणून काही केलं नाही असं होत नाही. मत द्यायचा शेवटचा दिवस आला. आम्ही बरोबरीत होतो. संध्याकाळी एक मत पडलं. काकाजींचं.

"वरील नियम योग्य आहे. माझी संपादने अकरा आहेत. हे धरून बारा. तरी नाव काढावे. बीटचा चार्ज कोणास द्यावा ते कळवावे."

मी फोनवर त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. "मले यादीचं काय करायचं हाय वं? मले सांग, चार्ज कोनाले देऊ?" आणि मग, "तू घेशीन का?"

पोळ्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला चार्ज दिला. माझ्या चाळीस पानांत त्यांची स्वतःची मिळून दीडशे. आम्ही दोघं ती सगळी चाललो, एक ते दीडशे आणि दीडशे ते एक. मधे दोनदा चहा झाला. शेवटी त्यांनी वहीत 'चार्ज दिला' लिहून सही केली, मला 'चार्ज घेतला' लिहायला लावलं आणि खाली वेळ घातली. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. मी सौंसरच्या बसमध्ये बसले तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

महिन्याभराने पुण्याच्या प्रशासकांचं पत्र आलं. तुमच्या भागातल्या पानांवर एकही तुटका दुवा नाही, कित्येक महिने नाही; तुम्ही कुठला बॉट, म्हणजे आपोआप दुरुस्त्या करणारा प्रोग्राम, वापरता? मी लिहिलं, बॉट खाकी शर्ट घालतो आणि गेल्या महिन्यात आपण त्याचं नाव काढलं. ते बिचारे ओशाळले. नियमात अपवाद करू म्हणाले. मी काकाजींना सांगितलं. "देल्ला चार्ज वापस घेत नसते," ते म्हणाले.

त्या पत्रातलं कौतुक मी स्वतःकडेही थोडं ठेवून घेतलं, हे कबूल करते. त्याच सुमारास अतिथी शिक्षकांच्या यादीत माझं नाव आलं. शाळा, वह्या, घर. दीडशे पानं रोज होत होती, पण कशी होत होती ते मलाच ठाऊक. मी वरून चालत होते. आत उघडून ठोकणं राहून जायचं, आधी ओळखीच्या पानांवर, मग बहुतेक पानांवर. वहीत रोज 'ठीक' होतं.

काकाजींचा फोन आता आठवड्यातून एकदा, रविवारी यायचा. शाळेचं विचारायचे, मावशींचं विचारायचे, जामसांवलीला दर्शनाला जाऊन आलो म्हणायचे. मग, "बीट?"

"ठीक आहे, काकाजी."

"अजून काही?"

"नाही."

"अजून काही?"

आता वय झालं, तेच तेच विचारतात, असं मला वाटलं. मी खरंच तसं घरी बोललेसुद्धा. "नाही, काकाजी, सगळं ठीक," असं म्हणून मी फोन ठेवायची.

संत्र्याला फुलं येतात त्या दिवसांत ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मी आणि मावशी पांढुर्ण्याला जाऊन आलो. घरात कोपऱ्यात बूट नीट जोडून ठेवलेले होते.

पुण्याच्या प्रशासकांनी चर्चेच्या पानावर चार ओळी लिहिल्या. चांगल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, 'त्यांची एकूण संपादने तेरा. पण आपल्यापैकी अनेकांची हजारो.' मला राग आला. माणूस गेल्यावर तरी आकडा बरोबर असावा. मी लिहिलं, तेरा नव्हे, बारा. त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं, मी पुन्हा मोजली, तेराच आहेत, आपण पाहावं.

मी त्यांच्या खात्याची यादी उघडली. तेरा होती. तेरावं संपादन चार्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशीचं होतं, किरकोळ बदल अशी खूण केलेलं. किरकोळ बदल माझ्या सूचनांत येत नाहीत, हे मीच त्यांना कधी तरी सांगितलं होतं. पान होतं संत्र्याच्या बागेचं. वरून पाहिलं तर काही वेगळं दिसत नव्हतं. मी संपादनाचं बटण दाबलं. ताणाचा परिच्छेद जिथे होता, त्या जागी वाचणाऱ्याला न दिसणारी एक लपवलेली ओळ होती.

'खडू. पोरी, दिसलं तर फोन करजो.'

पाच महिने ती तिथे होती. पाच महिने मी त्या पानावरून रोज गेले होते, पाठच आहे म्हणून एकदाही आतून न उघडता, आणि दर रविवारी ते मला दोनदा विचारत होते.

मी ती ओळ पुसली नाही. पुसायची आणि सांगायचं, असा नियम आहे; मला सांगायला कोणी नव्हतं. मी नवी वही आणली आणि पुन्हा पहिल्या पानापासून, प्रत्येक पान आतून उघडत, सुरुवात केली. दीडशे पानं एकटीने ठोकणं जमेना तेव्हा अर्धी बीट मावशींना दिली. त्यात संत्र्याच्या बागेचं पान टाकलं. त्यांनी तोंड वाकडं केलं पण घेतलं. ओळीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. बीट ठीक आहे, म्हणाल्या. मी सवयीने विचारलं, अजून काही?

"हो ना वं," मावशी म्हणाल्या. "त्या संत्र्याच्या पानात भाऊ कोनाची तरी वाट पाहून राहिले."

मी म्हटलं, माझी.